बर्नडीन मावशीचा दशमांश

माझ्या बर्नडीन मावशीला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. हे मी तिच्या पाठीमागे म्हणत नाही, ती स्वतःच सांगते आणि सांगताना छातीवर हात ठेवते, जणू दमाच आहे आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. शेजाऱ्यांनी नवी पायरी बांधली की हिच्या गुडघ्यात कळ. चर्चच्या जेवणात दुसरीचा केक हिच्या केकच्या आधी संपला, तर त्या रिकाम्या ताटलीकडे ही अशी बघते की ताटलीलाच ओशाळल्यासारखं व्हावं. एकदा रेडिओवर कुणा अनोळखी बाईला लॉटरी लागल्याचं सांगितलं, तर मावशीने रेडिओ बंद केला आणि तासभर त्याच्याशी अबोला धरला.

अटलांटापासून दीड तासावरच्या आमच्या मेकन गावात मावशीला ओळखत नाही असं कुणी नसेल. चार हॉस्पिटलांच्या चादरी जिथे धुतात त्या लाँड्रीत ती एकतीस वर्षं आहे. लहानपणी पीच फळांच्या शेडमध्ये पेट्या भरल्या, पंचविसाव्या वर्षी लाँड्रीत शिरली, तिथेच नवऱ्याच्या आजारपणातल्या पाळ्या केल्या, तिथूनच त्याच्या मातीला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर. माझी आई अटलांटात नर्सिंग होममध्ये नोकरीला असते, म्हणून मी मावशीकडे राहते. त्यामुळे लाँड्रीतली सगळी माणसं मला न भेटताच पाठ आहेत. मावशी रोज संध्याकाळी त्यांचे आवाज घरी आणते, मी ते जरा घासूनपुसून तिलाच परत ऐकवते.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. चादरीवरचा डाग रक्ताचा की औषधाचा, हे ती वासावरून सांगते. मोठ्या धुलाईयंत्राचा आवाज जरासा बदलला की बोलता बोलता बोट वर करते, "थांब, पाणी कमी घेतंय." साबण-औषधांच्या कंपनीचा माणूस येतो तो आधी साहेबांना नमस्कार करतो आणि मग काय किती घालायचं ते मावशीला विचारतो. अकरा वर्षांपूर्वी तिला 'लीड' केलं. म्हणजे छातीवर एक बिल्ला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तासाला सत्तर सेंट जास्त. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायचं काम तिच्याचकडे.

आणि ज्या दिवशी तिला लीड केलं, त्याच दिवसापासून ग्लोरिस्टीन मेबरीशी तिचं जमेनासं झालं.

ग्लोरिस्टीन त्याच लाँड्रीत, इस्त्रीच्या लांबलचक यंत्रावर. चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर. तिच्या हॅटला मोराएवढा पसारा, त्यामुळे मावशीला पास्टर कधी पूर्ण दिसलेच नाहीत. दोघी एकमेकींना "काय गं बाई, छान दिसतेस" असं इतक्या गोड आवाजात म्हणतात की त्या आवाजाने दात किडावेत. पण मावशीच्या पोटात खरी कळ उठायची ती वर्षातून एकदाच, जानेवारीच्या पहिल्या रविवारी.

त्या दिवशी चर्चच्या दाराशी, काचेच्या फळ्यात, दशमांशाची यादी लागते. वर्षभरात कुणी देवाला किती दिलं, नाव आणि आकडा, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. आधीच्या कुठल्यातरी पास्टरने सुरू केलं आणि बंद करायची छाती कुणाला झाली नाही. सगळे त्या फळ्यासमोरून मान ताठ ठेवून जातात आणि कानांनी वाचावं तसं सगळं वाचतात. कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा असतो, त्यामुळे पुढचं सोपं आहे. आकड्यावर एक शून्य चढवायचं, झाला पगार. आमच्या चर्चमध्ये कुणाला किती मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते एकानेही कधी तोंडाने उच्चारलेलं नाही. पगार विचारणं म्हणजे भर बाजारात बाईचं वजन विचारणं. माझी आजी म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. आजी गोऱ्यांच्या घरी कपडे इस्त्री करायची, तिच्या मुठीत काय होतं ते तिच्या मुलींनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तर या यादीत ग्लोरिस्टीनचं नाव मावशीच्या वर. दर वर्षी. कधी चाळीस डॉलरने, कधी सत्तर. शून्य चढवलं की अर्थ उघड होता: इस्त्रीवर उभी राहणारी ग्लोरिस्टीन मावशीपेक्षा, लीडपेक्षा, जास्त कमावते. अकरा वर्षं मावशी जानेवारीभर हेच चघळायची. साहेबांना विचारलं का, तर नाही. विचारलं असतं तर आपल्याला कमी मिळतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना.

या वर्षी यादीत कोल्बी आला.

कोल्बी गोरा, आमचं चर्च काळ्यांचं. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या डीकनच्या मुलीशी, नायेशाशी, लग्न केलं आणि तिच्या मागोमाग आमच्या चर्चमध्ये दाखल झाला. पोरगा गुणी. फक्त सगळं चर्च ज्या ठोक्याला टाळी देतं, त्याच्या बरोबर आधीच्या ठोक्याला याची टाळी पडते, आणि तीही मनापासून, त्यामुळे पहिल्या महिन्यात ऑर्गनवाला दोनदा रस्ता चुकला. सव्वा वर्षापूर्वी तो लाँड्रीत लागला आणि रीतीप्रमाणे मावशीच्या हाताखाली आला. तिने त्याला सगळं शिकवलं. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही, इथपासून. तिला तो आवडायचाही. म्हणायची, घाण चादर हातात घेताना तोंड वाकडं न करणारा हा पहिला गोरा पोरगा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मावशी फळ्यासमोर आली तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिचा डोळा आधी ग्लोरिस्टीनवर गेला: तीन हजार पाचशे सत्तर. मग स्वतःवर: तीन हजार पाचशे पाच. पासष्ट डॉलर वर. मावशीने नाकाने एक श्वास घेतला. मग, का कोण जाणे, डोळा वर सरकला. डीकनच्या नावाखाली, चौथ्या ओळीत, कोल्बी. पाच हजार सहाशे सोळा.

मावशीने हातमोजे काढले, एक एक बोट ओढून. मग परत घातले.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला चांगलं कळत होतं, कारण तिचे ओठ हलत होते. शून्य चढवलं. छप्पन्न हजार. लाँड्रीत? अशक्य. तिथलं सगळं तिला माहीत, एकतीस वर्षं झाली, तिथे हाताने काम करणाऱ्या कुणालाच तेवढे मिळत नाहीत. म्हणजे एकच उत्तर उरत होतं. पोरगा मिरवतोय. नवा गडी, सासऱ्याच्या नजरेत भरायला दहाव्याच्या जागी दुप्पट देतोय. देवाच्या दारात येऊन मोठेपणा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उपदेश कशावर होता हे तिला आजही विचारा, सांगता येणार नाही.

नंतर तळघरात जेवण होतं. नवीन वर्षाचा चवळीचा भात, हिरवी भाजी, मक्याचा पाव. कोल्बी ताट घेऊन आमच्या समोरच्याच टेबलाला बसला. पाच-सहा बायका ऐकतील अशा बेताने मावशीने गोड आवाज लावला.

"काय रे कोल्बी, एवढी लाच कुणाला, देवाला की सासऱ्याला?"

बायका हसल्या. कोल्बी कानापर्यंत लाल झाला. त्याने काटा खाली ठेवला, तोंडातला घास आधी गिळला, नायेशाने शिकवलंय त्याला ते.

"नाही, मिस बर्नडीन. पास्टर म्हणाले दहावा हिस्सा, कर कापायच्या आधीचा. मी मोबाइलवर हिशोब केला." मग त्याला खरंच काळजी वाटली. "चुकलं का काही?"

त्या टेबलावरच्या प्रत्येक बाईने त्या क्षणी एकेक शून्य चढवलं. ऐकू आलं मला. म्हणजे ऐकू येणं बंद झालं, चमचे थांबले. मागच्या टेबलावर ग्लोरिस्टीनच्या हातातला चहाचा ग्लास हवेत राहिला. तिनेही तोच हिशोब केला होता, तीही त्याच लाँड्रीत होती.

"नाही बाळा," मावशी म्हणाली. "बरोबर आहे. भाजी घे अजून."

लाँड्रीतल्या कुणाला तिने आयुष्यात कधी बाळ म्हटलेलं नाही.

घरी आल्यावर तिने हॅट काढली नाही. संध्याकाळपर्यंत तशीच स्वयंपाकघरात बसली. आणि तिने जो जळफळाट केला, तसा मी कधी पाहिला नव्हता. न्याय, हक्क, असलं काही ती बोलली नाही. ती सरळ जळत होती. कोल्बीच्या ट्रकवर जळत होती. ट्रकच्या रबरी पायपुसण्यांवर. गेल्या उन्हाळ्यात तो नायेशाला समुद्रावर घेऊन गेला, त्या समुद्रावर. माझ्या हाताखाली सव्वा वर्ष, ती म्हणाली, आणि परवा परवापर्यंत विचारत होता, मिस बर्नडीन, हे लाल बटण कशाचं? तासाला सत्तावीस डॉलर घेऊन विचारत होता. आणि मी सोळा पंच्याऐंशीत सांगत होते.

तिने आकडा मोठ्याने म्हटला होता. स्वतःच दचकली आणि खिडकी लावून घेतली.

सोमवारी मोठ्या साहेबांना, मिस्टर हॅरलना, भेटायचं ठरलं. मावशीला सराव हवा होता, म्हणून मी हॅरल झाले. तो मला चांगला जमतो: प्रत्येक वाक्याआधी "बघा", आणि नंतर खुर्ची मागे टेकल्याची कुर्र. पहिल्या खेपेला मावशी मला मारायला उठली. दुसऱ्या खेपेला रडली. तिसऱ्या खेपेला नीट बोलली: ज्याला मी शिकवलं त्याला सत्तावीस आणि मला सोळा पंच्याऐंशी, हे कसं, तेवढं सांगा. मी म्हटलं, बघा, आणि मला पुढे काही सुचलं नाही. मावशी म्हणाली, त्यालाही नाही सुचणार.

त्याला सुचलं. संध्याकाळी मावशीने येऊन सगळं सांगितलं, त्याच्या खुर्चीच्या आवाजासकट. बघा, कोल्बीची जागा वेगळी आहे, तो तंत्रज्ञ. बघा, तंत्रज्ञाचा बाजारभाव असतो. मावशीने विचारलं, मग मला तंत्रज्ञ करा. बघा, त्याला दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. मावशीने विचारलं, कोल्बीकडे आहे? तेव्हा म्हणे, नाही, पण त्याच्यात चुणूक दिसली. मग त्याने विचारलं, तुम्हाला त्याचा पगार सांगितला कुणी? मावशी म्हणाली, देवाने.  शेवटी दाराशी, समजूत घालायची म्हणून, तो म्हणाला की तुम्हाला काही कमी नाही, इथल्या जुन्या बायकांत सगळ्यात जास्त तुम्हालाच आहे, ग्लोरिस्टीनपेक्षासुद्धा.

आता, दुसरी कुणी असती तर या भेटीनंतर डोकं धरून बसली असती. मावशी हसत घरी आली. दोन दिवस गात होती. ग्लोरिस्टीनला कमी मिळतं. अकरा वर्षांच्या जळण्यावर एकदम थंड पाणी पडलं, आणि सत्तावीस डॉलर वगैरे सगळं ती विसरूनच गेली. तिसऱ्या दिवशी भाजीचे देठ मोडताना तिचा हात थांबला.

"मग ते वरचे पासष्ट डॉलर आणते कुठून ती?"

आम्ही दोघींनी एकाच वेळी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर गेल्या शुक्रवारचं फोमचं ताट होतं, ग्लोरिस्टीनच्या घरचं. दर शुक्रवारी ती अंगणात मासे तळून ताटं विकते. अर्धं चर्च घेतं. आम्ही दोन घेतो.

त्याच आठवड्यात नायेशा आणि कोल्बी आमच्या ओसरीवर येऊन बसले. नायेशा एका वकिलाकडे कारकून आहे आणि वाक्य सुरू करताना चष्मा नाकावर चढवते. ती म्हणाली की कामगारांनी आपापसात पगार सांगायला कायद्याने बंदी नाही, हॅरल काहीही म्हणो. पण मिस बर्नडीन, एकट्या बाईचा कागद ड्रॉवरमध्ये जातो. पाच-दहा जणींनी आपापले आकडे लिहून, सह्या करून कंपनीच्या अटलांटातल्या मुख्य कचेरीत पाठवले तर त्यांना तो बाहेर काढावाच लागेल. कोल्बी म्हणाला, मला जे येतं ते सगळं मिस बर्नडीननी शिकवलं, हे मी लिहून देतो. आणि त्याने खिशातून पगाराची पावती काढून टेबलावर ठेवली.

ते गेल्यावर मावशी बराच वेळ त्या पावतीकडे बघत होती. म्हणाली, "मला त्याच्या पगाराचा इतका हेवा नाही वाटला जितका त्या हाताचा वाटला. कसा ठेवला कागद, वाण्याच्या दुकानातली चिठ्ठी ठेवावी तसा. आणि आपण तो छातीशी धरून मरायचं."

पुढची सही कुणाची लागणार हे उघड होतं. लाँड्रीतल्या काळ्या बायका दोनच माणसांकडे बघून चालतात, एक मावशी आणि दुसरी ग्लोरिस्टीन. एकीने सही केली आणि दुसरीने नाही केली, तर बाकीच्या वाट बघत बसणार. म्हणजे मावशीला जन्मात पहिल्यांदा ग्लोरिस्टीनकडे काहीतरी मागायला जायचं होतं. त्यापेक्षा सोळा पंच्याऐंशीवर मेलेली बरी, असं ती गुरुवारपर्यंत म्हणत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. ग्लोरिस्टीन अंगणात कढईपुढे उभी होती, हातांना कोपरापर्यंत मक्याचं पीठ, डोक्याला फडकं. हॅटशिवाय ती एवढीशी दिसत होती. गिऱ्हाईक अजून कुणी आलं नव्हतं.

"दोन ताटं," मावशी म्हणाली. "आणि तुझा पगार सांग."

ग्लोरिस्टीनने मासा उलटला. "कोबी घालू का बाजूला?"

"घाल. मला सोळा पंच्याऐंशी."

झारा कढईतच थांबला. "लीडला?"

"लीडला."

"मला वाटायचं तुला बावीस असतील, देवाला देताना हात आखडता घेतेस. किल्ल्या वाजवत जातेस ना माझ्या पुढून, बावीसच्याच वाटतात त्या."

"आणि मला वाटायचं तुला माझ्याहून जास्त. दर वर्षी वरती असतेस."

ग्लोरिस्टीनने झारा पुन्हा फिरवला. एक मासा काढला, निथळला, कागदावर ठेवला. दुसरा काढला. मग कढईकडे बघत म्हणाली, "पंधरा चाळीस. वरचे या तेलातले."

मावशीला हे पचायला थोडा वेळ लागला, कारण कळलेलं मानायची इच्छा नव्हती. "म्हणजे मीच तुझे मासे खाऊन तुला माझ्या डोक्यावर चढवलं?"

"दर शुक्रवारी दोन. तुझ्याइतकं पक्कं गिऱ्हाईक दुसरं नाही मला."

यानंतर ज्या काही गोष्टी बोलल्या गेल्या त्या सगळ्या इथे लिहिणार नाही, दोघीही रविवारी चर्चला जातात. सार एवढंच, की लीड आपल्याला मिळायला हवं होतं, आपण आठ महिने आधी लागलो होतो, असं ग्लोरिस्टीनला अकरा वर्षं वाटत होतं. आणि ज्या जानेवारीत मावशीच्या कमरेला किल्ल्या आल्या त्याच जानेवारीपासून तिने कढई बाहेर काढली. मावशीने कागद पुढे केला, तेव्हा ग्लोरिस्टीनने पिठाचे हात मागे घेतले.

"मी नाही लिहिणार. पंधरा चाळीस असं लिहिलं की नायेशा वाचणार, मग डीकन वाचणार. सगळे हिशोब करणार. मग कळेल ना सगळ्यांना, वरचे मी देवाला देत नव्हते, तुला दाखवायला देत होते. अकरा वर्षं, बर्नडीन. मला त्या बाकावर बसता येईल का परत?"

मला वाटलं, आता मावशी काहीतरी मायेचं बोलेल. ती जागाच तशी होती. पण मावशी मायेचं बोलणाऱ्यातली नाही, आणि तिला माणसाची दुखरी नस बरोबर माहीत असते, कारण तिची स्वतःचीही तिथेच आहे.

"तुझ्या शेजारी चादरीचं दुसरं टोक धरते ती नवी गोरी पोरगी. गेल्या उन्हाळ्यात आली ती. तिला किती आहे, विचारलंस?"

"कशाला विचारू?"

"मी विचारलं काल. च्युइंगम चघळता चघळता सांगितलं तिने. साडेअठरा."

 कढईतला मासा तपकिरीचा काळा होत गेला आणि तिघींपैकी कुणीच तो काढला नाही.

"तिला," ग्लोरिस्टीन हळूच म्हणाली, "अजून चादरीचं टोक सापडत नाही. मी शोधून देते तिला. रोज."

"माहीत आहे."

"साडेअठरा."

"पेन आणलंय मी," मावशी म्हणाली.

ग्लोरिस्टीनने हात पुसले, आधी फडक्याला, मग स्कर्टला, मग पुन्हा फडक्याला. सही केली आणि आकडा असा दाबून लिहिला की खालच्या पानावरही उमटला. मग दोन ताटांचे पूर्ण पैसे मागून घेतले, करपलेल्या माशासकट.

पुढचा आठवडा मावशीच्या गाडीत पार पडला. जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या आवारात गाडी उभी, काचा वर, आत चौघी. ग्लोरिस्टीन पुढच्या सीटवर बसायची आणि प्रत्येकीला सांगायची, आधी माझा ऐक: पंधरा चाळीस. पहिल्या दिवशी ती हे कुजबुजत म्हणाली, शुक्रवारपर्यंत यादीतलं नाव पुकारावं तशी म्हणायला लागली होती. तिने उघडं केलं की बाकीच्यांना झाकून ठेवणं जड जायचं. कुणी म्हणे चौदा नव्वद. कुणी म्हणे, मी घरच्यांना सतरा सांगितलंय, त्यांना कळू देऊ नका. एकजण आपला आकडा सांगून चिडून गाडीतून उतरली, आणि गाडीत पेन राहिलं म्हणून परत येऊन सही करून गेली. नऊ सह्या झाल्या. सोबत कोल्बीचं पत्र, त्याच्या पावतीसह.

अटलांटाहून तीन महिने काहीच आलं नाही. हॅरलला मात्र वास लागला. त्याने मावशीला यंत्रावरून काढून घाण चादरी निवडायच्या खोलीत टाकलं, म्हणे तात्पुरतं. तिथे तिने सहा आठवडे काढले. रोज संध्याकाळी तिच्या अंगाला तो वास यायचा आणि ती कोल्बीवर जळत जेवायची, कारण तो तिच्या जागेवर उभा होता. कोल्बी बिचारा दर अर्ध्या तासाला त्या खोलीच्या दारात यायचा: मिस बर्नडीन, आवाज जरा वेगळा येतोय. मावशी नाक दाबून तिथूनच ऐकायची आणि काय करायचं ते सांगायची. सांगायचं नाही असं तिने रोज ठरवलं, पण आवाज बिघडलेला तिच्याने ऐकवेना.

मे महिन्यात अटलांटाहून एक बाई आणि एक बुवा फायली घेऊन आले. दोन दिवस त्यांनी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मावशीला विचारलं, यंत्रात काय किती घालायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं? मावशी म्हणाली, कुणीच नाही, म्हणून तर वेळ लागला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारची पाळी सुटताना, नऊजणींना नऊ पाकिटं मिळाली. मला नुकतंच शिकाऊ लायसन्स मिळालं होतं, म्हणून घरी जाताना स्टिअरिंग माझ्याकडे द्यायचं ठरलं होतं. मी आधीच येऊन गाडीत बसले होते. मावशी पुढे, ग्लोरिस्टीन मागे. आवारात बाकीच्या बायका आधीच ओरडत होत्या, एक जण तर बूट काढून नाचत होती.

ग्लोरिस्टीनने आपलं वाचलं. पावणेएकोणीस. त्या पोरीपेक्षा पंचवीस सेंट वर. तिने कागद तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले, मला आधी वाटलं हसतेय.

मावशीचं पाकीट मी फोडलं, तिला फोडवेना. तंत्रज्ञ, बर्नडीन पिटमन. तासाला सव्वाचोवीस. तिचे कपडे अजून घाण चादरींच्या वासाचे होते आणि मी तिच्या गळ्यात पडले. सात डॉलर चाळीस सेंट वाढले होते, तासाला. लीड झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत जे सगळं मिळून वाढलं नव्हतं, ते एका कागदावर.

मावशी रडली नाही. तिने हात मागे करून ग्लोरिस्टीनचा कागद घेतला आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. ओठ हलायला लागले. मी म्हटलं, आलं आता.

"तुझी बरोबरी झाली," ती मागे न बघता म्हणाली. "वर पंचवीस सेंट."

ग्लोरिस्टीनने नाक पुसलं. "बाई गं, तुझे सात डॉलर वाढलेत. सात. आज तरी गप्प बस, आभार मान."

"मानले. कोल्बीला सत्तावीस आहेत. तुझी बरोबरी झाली तर माझी का नाही?"

"बर्नडीन, सव्वाचोवीस आहेत ते."

"पावणेतीन राहिले."

आणि ती उतरली. गाडीचं दार उघडंच टाकून, कागद हातात घेऊन, नाचणाऱ्या बायकांच्या मधून, सरळ कचेरीच्या दाराकडे. तिची चाल लढायला निघालेल्या माणसाची नव्हती. शेजारणीच्या नव्या पायरीकडे बघत जाते ना, अगदी तशी.

ग्लोरिस्टीन मागे बसून राहिली. तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, तिला उतरायचं काही कारण नव्हतं. तिने आपला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली, उघडली, परत बंद केली.

"ती एकटी गेली आणि हॅरल घाबरून तिला सत्तावीसच्या वर देऊन बसला, तर मला जन्मभर ऐकावं लागेल," ती मला म्हणाली, आणि तीही उतरली. फडकं नीट करत, धावल्यासारखं चालत.

कचेरीच्या काचेतून मला आतलं दिसत होतं. हॅरल अर्धवट उठला होता. त्याने मावशीपुढे एक खुर्ची सरकवली. ग्लोरिस्टीनने दुसरी स्वतःच भिंतीपाशी जाऊन ओढून आणली, मावशीच्या खुर्चीला घासून लावली आणि बसली.